सोळुंके सरांचा शेवटचा रकाना

सर गेल्याची बातमी माझ्यापर्यंत पाऊण तास उशिरा पोचली, आणि त्याला कारण सरांचाच नियम होता. मी त्या दिवशी भोकरदनला होते. बाजाराच्या मागच्या गल्लीत शमीमआपा नावाच्या बाईंच्या ओसरीवर, त्यांच्याकडे पाठ करून बसले होते. माझ्या मागे फरशीवर आठ कार्डं मांडलेली होती आणि शमीमआपांच्या ओंजळीत वीस चिंचोके होते. बाहेर कामाला जायचं म्हटलं तर काय काय आडवं येतं, आणि किती येतं, ते त्यांनी त्या कार्डांवर चिंचोके ठेवून सांगायचं होतं. जास्त चिंचोके म्हणजे मोठी अडचण. समोरचं माणूस चिंचोके ठेवत असताना आमच्या माणसानं वळून बघायचं नाही, बोलायचं नाही, फोन उचलायचा नाही, असा आमच्या ऑफिसचा कायदा. पिशवीतला फोन थरथरत होता, थांबत होता, पुन्हा थरथरत होता. शमीमआपांनाच राहवेना. म्हणाल्या, "उठाव ना बेटी, घरका होंगा." मी नुसती मान हलवली. त्यांनी सावकाश, एकेक करून चिंचोके ठेवले, उचलले, पुन्हा ठेवले. "हो गया" म्हणाल्या तेव्हा मी वळले, मोजले, लिहून घेतले. लेकरांच्या कार्डावर नऊ होते. मग फोन बघितला. काकूंचे, म्हणजे सरांच्या बायकोचे, अकरा कॉल... सोळुंके सर सकाळी ऑफिसचा जिना चढताना बसले ते उठलेच नाहीत.

या गोष्टीला आता सात आठवडे झाले. या पुरवणीसाठी सरांवर लिहायला मला दुसऱ्याच आठवड्यात सांगितलं होतं, आणि मी लगेच हो म्हणाले होते. तेव्हा लिहिलं असतं तर हा लेख वेगळा झाला असता. सरांनी माझ्यासाठी काय काय केलं ते मी पानभर लिहिलं असतं आणि त्यातलं एकही वाक्य खोटं नसतं. ती वाक्यं मी आजही लिहिणार आहे. फक्त त्यांच्या शेजारी आता दुसरं काहीतरी येऊन बसलंय, आणि ते झाकून लिहिणं मला जमलं नाही. दोनदा लिहून फाडलं.

सरांना जालन्यात फार लोक ओळखत नव्हते. ते कधी कुठल्या मंचावर बसले नाहीत. जुन्या जालन्यात एका किराणा दुकानाच्या माडीवर दोन खोल्या, तेच आमचं ऑफिस. वेगवेगळ्या संस्था सरांकडून सर्व्हे करून घ्यायच्या, आणि बहुतेक सर्व्हे एकाच प्रश्नाच्या आसपासचे असायचे. हाताला काम नसलेल्या गरीब माणसाला काम का मिळत नाही, आणि त्याला स्वतःला काय वाटतं, का मिळत नाही? या दुसऱ्या अर्ध्या प्रश्नात सरांचा सगळा जीव होता. त्याआधी ते अकरा वर्षं कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होते, दर जूनमध्ये नव्याने अर्ज करत होते. कायम झाले नाहीत. एकदा मीच विचारलं होतं, का नाही झालात म्हणून. तर म्हणाले, "माझ्यासाठी कुणी एक शब्द टाकला न्हाई. दुसरं काही न्हाई. एक शब्द." आणि हसले. हे मी इथे मुद्दाम लिहून ठेवतेय.

मी आष्टीची. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. आबा, म्हणजे माझे वडील, बाजारात शिवणयंत्र घेऊन बसतात. शाळेचे गणवेश, पिशव्या, जुन्या कपड्यांचं आल्टर. परतूरला बी.ए. केलं, जालन्याला समाजकार्याचं शिक्षण घेतलं, आणि निकालानंतर आठ महिने घरी बसले. कुणीतरी सांगितलं की जालन्यात सर्व्हेला मुली पाहिजेत. फाइल छातीशी धरून मी तो माडीचा जिना चढले तेव्हा सर जमिनीवर चटई टाकून कार्डं चिकटवत बसले होते. उंच, काटकुळे, आणि हात इतके लांब की कुठलाही शर्ट मनगटाच्या वरच थांबायचा. मी फाइल पुढे केली. त्यांनी ती घेतलीच नाही.

"फाइल ऱ्हाऊ दे. हे घे," असं म्हणत त्यांनी पत्र्याच्या डब्यातून वीस चिंचोके मोजून माझ्या हातावर ठेवले आणि समोर आठ कार्डं मांडली. सात कार्डांवर चित्रं होती. बस, शाळा, इंग्रजी अक्षरं, हातात हात म्हणजे ओळख, घरची माणसं, लेकरं आणि कागदपत्रं. आठवं कार्ड कोरं. चित्रात नसलेलं काही असेल तर त्याच्यासाठी. "आष्टीहून या खोलीपर्यंत यायला तुला काय काय आडवं आलं, तेवढं ठेव. मी तिकडं तोंड करून बसतो." आणि खरंच खिडकीकडे तोंड करून बसले. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला माझं मत विचारलं होतं, आणि मी ते देत असताना माझ्याकडे बघतसुद्धा नव्हतं. मी ओळखीच्या कार्डावर आठ ठेवले, बसवर पाच, इंग्रजीवर चार, कागदपत्रांवर तीन. वळून सरांनी मोजलं. प्रत्येक ढीग दोनदा. मग विचारलं, "ओळखीवर आठ. हे तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे सर? दिसतंय की."

सर मोठ्याने हसले. "सोमवारपासून ये."

हे "कुणी सांगितलं?" म्हणजे आमच्या फॉर्मचा शेवटचा रकाना. दुसऱ्या सर्व्हेवाल्यांकडे तो नव्हता. सर म्हणायचे, "आपण अडचण न्हाई मोजत, रेखा. अडचण त्या माणसाला केवढी दिसून राह्यली, ते मोजतो. अन् जी दिसती ती खरी असंलच असं न्हाई. कुणीतरी दाखवलेली असती." सुरुवातीला मला हे पुस्तकी वाटायचं. मग एकदा अंबडकडच्या एका बाईंनी इंग्रजीच्या कार्डावर सात चिंचोके ठेवले. कामाची जागा कुठली, तर वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात पोळ्या करायच्या. पोळीला इंग्रजी कशाला लागतं? मी शेवटचा रकाना विचारला. बाई पदर सारखा करत म्हणाल्या, "पोरगं म्हणतं नं, तुला काय येतं म्हणून. मंग मी गेलेच न्हाई विचारायला." मी ते तसंच्या तसं लिहिलं. सरांनी तो फॉर्म दोनदा वाचला.

त्या वर्षांमध्ये आम्ही किती ओसऱ्यांवर, किती पारांवर बसलो त्याचा हिशोब नाही. माणसं आमची थट्टा करायची. अंबडच्या बस स्टँडमागे एक काका चिंचोके हातात घोळवत म्हणाले होते, "वीसच? पोतं आणायचं असतं ताई. आमच्या अडचणी काय चिंचोक्यात मावतात व्हय!" एक म्हातारी म्हणाली, "आधी भाजून आण, मंग सांगते." वायरमनचा कोर्स केलेल्या एका मुलाने वीसपैकी अठरा बसवर ठेवले. सर म्हणाले, "का रं, बाकी सगळं सुखात हाय का?" तर तो म्हणाला, "कारखान्याची सुट्टी सातला अन् माझ्या गावची शेवटची गाडी साडेसहाला. मालकाला म्हणलं अर्धा तास आधी सोडा. ते म्हणले, मंग घरीच ऱ्हा. आता तुमीच सांगा, इंग्रजी शिकून गाडी थांबंल का?" सर इतके हसले की त्यांना ठसका लागला, आणि त्या मुलाचं ते वाक्य त्यांनी अहवालात शब्दशः घातलं.

अशा कामाचे सरांचे नियम होते आणि ते मोडलेले त्यांना खपायचे नाहीत. माणसाला आपले शब्द पुरवायचे नाहीत. त्यांच्या घरचा चहा नाकारायचा नाही. आणि फॉर्मवर खोडायचं नाही. एखाद्याने उत्तर बदललं तर जुन्या उत्तरावर एकच रेघ मारायची आणि बाजूला नवं लिहायचं. "खालचं वाचता आलं पायजे. माणूस आधी काय म्हणला, ती बी माहितीच हाय." मी पहिल्या महिन्यात एकदा व्हाइटनर लावला होता. सरांनी तो फॉर्म मला परत देऊन तीस किलोमीटर मागे पाठवलं होतं, पुन्हा विचारून यायला.

आणि सरांनीच मला माणसांसमोर बोलायला शिकवलं. पहिल्या मोठ्या अहवालाच्या पानावर "क्षेत्रकार्य" असं लिहून खाली माझं पूर्ण नाव छापलं, आबांच्या नावासकट. आबांनी ते पान लॅमिनेट करून यंत्राच्या वर भिंतीला लावलं. गिऱ्हाइकाला वाचता येत नसलं तरी ते बोट ठेवून दाखवायचे. त्या वर्षापासून दर दिवाळीला आबा सरांसाठी एक शर्ट शिवायचे, मनगटापर्यंत पुरणारा. मापही घेतलं नव्हतं कधी. एकदाच आष्टीला सर जेवायला आले होते, तेव्हा नजरेने घेतलं तेवढंच. सर तो शर्ट घालून ऑफिसला यायचे आणि हात लांब करून दाखवायचे, "बघ, बराबर!" मी हे सगळं मनापासून लिहितेय. हे खरं होतं.

तीन वर्षांपूर्वी संभाजीनगरच्या एका संशोधन संस्थेची जाहिरात आली. कायम जागा, राहायची सोय, आमच्यासारखंच काम पण मोठं. ओळख देणाऱ्या व्यक्तीचं नाव अर्जात लिहायचं होतं. मी सरांना विचारलं. ते म्हणाले, "लिही की. माझं न्हाई तर कुणाचं लिहिणार?" आबांनी जाड कापडाची बॅग शिवली, दोन कप्प्यांची, दुहेरी टीप मारून. मी म्हणाले, आबा, अजून निवड कुठे झालीय? तर म्हणाले, "होईल नं. तू जा. हितलं मी बघतो. मशीन काय, माझे पाय हायेत तोवर चालतंय." आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच होतो, हे लक्षात घेतलं तर त्या बोलण्याचं वजन कळेल.

मुलाखत बरी झाली. तिघं समोर होते. एका प्रश्नाला मी इंग्रजीत अडखळले, मग मराठीत बोलू का म्हणून विचारलं, आणि त्यांनी बोलू दिलं. मी त्यांना पोळीवाल्या बाईंची गोष्ट सांगितली. त्यातल्या एक मॅडम टाचण घेत होत्या. मी परत आले आणि वाट बघायला लागले. त्याच आठवड्यात आमच्याकडे तीन तालुक्यांचा सर्व्हे आला, सरांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा. काम दोन-अडीच महिन्यांनी सुरू व्हायचं होतं. त्यात निम्म्याहून जास्त बाया होत्या, आणि बायांच्या ओसरीवर बसायला ऑफिसात मी एकटीच होते. दोन महिने गेले. पत्र नाही, फोन नाही. शेवटी मीच सरांना म्हणाले, तुमची ओळख आहे तर विचाराल का? दुसऱ्या दिवशी सर म्हणाले, "केल्ता फोन. तुझं काम आवडलं त्यांना, पण... इंग्रजी जरा कमी पडलं म्हणे. होतं गं असं. वय कुठं चाललंय तुझं?"

मी मान हलवली. इंग्रजीत मी अडखळले होतेच. पटण्यासारखंच होतं.

आमच्याकडे आणखी एक रीत होती. नवा सर्व्हे सुरू करायच्या आधी आम्ही सगळ्यांनी स्वतःचा फॉर्म भरायचा. दुसऱ्याला विचारणार ते आधी स्वतःला विचारा, म्हणून. त्या तीन तालुक्यांच्या सर्व्हेच्या आधी मी चटईवर बसले आणि सर नेहमीसारखे खिडकीकडे तोंड करून बसले. मी इंग्रजीच्या कार्डावर चौदा चिंचोके ठेवले. उरलेले सहा कुठे ठेवले ते आता आठवतही नाही. सर वळले. एकदा मोजलं. पुन्हा मोजलं. मग तिसऱ्यांदा मोजलं, जे ते कधी करायचे नाहीत.

"चौदा जास्ती न्हाई का होत?"

"न्हाई सर. तेवढंच आहे."

समोरच्या माणसाला असं काही म्हणायचं नाही, हाही त्यांचाच नियम होता. तो त्यांनी त्या दिवशी मोडला, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही. शेवटच्या रकान्यात मी लिहिलं, "कुणी नाही, माझं मलाच वाटतं." सरांचं नाव मी का लिहिलं असतं? त्यांनी तर नुसता निरोप आणला होता. निरोप आणणाऱ्याचं नाव कोण लिहितं? सरांनी फॉर्म घेतला, चहा पिऊन येतो म्हणून खाली गेले, आणि चहाला लागतो त्याच्यापेक्षा बराच वेळ आले नाहीत.

त्या सोमवारपासून त्यांनी मला इंग्रजी शिकवायला घेतलं. रोज सकाळी साडेनऊला, बाकीची मंडळी यायच्या आधी अर्धा तास. इंग्रजी पेपरातली एक बातमी मी मोठ्याने वाचायची, मग अर्थ सांगायचा. दोन वर्षं एकही दिवस चुकवला नाही त्यांनी. सणावारी सुट्टी असली तर आदल्या दिवशी दोन बातम्या. गावात मी ज्याला त्याला सांगायचे, असे सर मिळायला नशीब लागतं. सरांनाही एकदा म्हणाले, "तुमचे उपकार कसे फेडू सर?" त्यांनी पेपराची घडी घातली, पुन्हा उघडली, पुन्हा घातली. म्हणाले, "वाच पुढं." मधल्या काळात आणखी दोन जागांच्या जाहिराती आल्या. मी अर्ज केला नाही. अजून इंग्रजी कच्चं आहे असं वाटायचं. सरांनीही आग्रह केला नाही. मला वाटायचं, मला घाई करायला लावत नाहीत, किती समजूतदारपणा...

चौदाव्या दिवशी सरांची शोकसभा झाली. गावातले पंधरा-वीस लोक, सरांचे जुने विद्यार्थी, आणि संभाजीनगरहून आलेल्या त्या मॅडम, टाचण घेणाऱ्या. मी ऑफिसतर्फे बोलले. खाली उतरले तर मॅडमनी हात धरला. "छान बोललात. अहो, तुम्हाला एक विचारू? आता तरी घरचे पाठवतात का तुम्हाला बाहेर?"

मला प्रश्नच कळला नाही. "कुठे पाठवतात मॅडम?"

"तेव्हा नाही का... तुमचं नाव आम्ही पक्कं केलं होतं. पत्र काढायच्या आधी सोळुंके सरांना फोन केला, नुसती रीत म्हणून. ते म्हणाले, मुलगी हुशार आहे, पण वडील पाठवणार नाहीत. तिला विचारून अवघडवू नका, ती संकोचाने काहीच बोलणार नाही. मला फार वाईट वाटलं होतं हो. आम्ही मग दुसऱ्यांना घेतलं."

"माझं इंग्रजी..." मी म्हणाले.

"इंग्रजीचं काय?" मॅडम म्हणाल्या. "त्याचा तर विषयच निघाला नव्हता."

त्यानंतर मला कुणीतरी चहा दिला आणि मी तो घेतला, एवढं आठवतं. समोर सरांचा फोटो होता, आणि फोटोत आबांनी शिवलेला शर्ट.

दोन दिवसांनी काकूंकडे गेले. ऑफिस आवरायचं होतं आणि कागदपत्रं कुणी लावायची, तर मीच. या बाईंनी मला सहा वर्षं जेवू घातलंय. माझा डबा आला नाही की त्यांच्या घरून वाटी यायची. मी कपाटाशी उभी राहूनच विचारलं, "काकू, संभाजीनगरच्या जागेचं तुम्हाला माहीत होतं?"

काकूंनी माझ्याकडे बघितलं, मग स्टूल ओढून बसल्या. "होतं," म्हणाल्या. "मी तवाच म्हणलं होतं त्यांना, पोरीला सांगा. तर म्हणले, एवढा सर्व्हे होऊ दे, मंग सांगतो, मीच फोन करतो त्यांना. मंग दुसरा सर्व्हे आला. मंग तू इंग्रजी शिकाया लागली. मंग म्हणले, आता काय सांगू? आता सांगितलं तर ती जाईल, अन् तोंड बी पाहणार न्हाई."

"तुम्ही का नाही सांगितलं?"

"वाटी पाठवीत राह्यले गं." त्या रडल्या नाहीत. मी सांगितलं, मला त्यांच्यावर लिहायचंय, आणि हे सोडून लिहिता येत नाही. त्या म्हणाल्या, "लिही. मला वाचून नको दाखवू फक्त."

मी किती चिडले ते लिहिण्यात अर्थ नाही. पण मला एक गोष्ट सारखी टोचते. सरांना एक जागा मिळाली नाही ती कुणी एक शब्द टाकला नाही म्हणून. एका शब्दाने काय होतं हे जालन्यात त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? आणि माझ्या वेळी त्यांनी तो शब्द टाकला, पण उलटा. वर त्यासाठी जे कार्ड निवडलं ते घरच्यांचं. माझ्या आबांचं! शेकडो बायांनी त्या कार्डावर चिंचोके ठेवलेले आम्ही पाहिले होते, त्यामुळे ऐकणाऱ्याला ते लगेच पटणार हे त्यांना ठाऊक होतं. आमच्या कामातून जे शिकलो तेच त्यांनी माझ्यावर वापरलं. आणि मला मात्र दुसरंच कार्ड दाखवलं.

आबांना सांगू नये असं ठरवून आष्टीला गेले होते. पण आबा यंत्रावर होते आणि मांडीवर निळसर रेघांचं कापड. म्हणाले, "सरांचं कापड. अगोदरच घेऊन ठेवलं होतं दिवाळीचं. आता ह्याचं काय करू, कळंना." मग माझ्याच्याने राहवलं नाही. सगळं सांगितलं. यंत्र थांबलं. आबांनी पहिल्यांदा एवढंच विचारलं, "माझं नाव सांगितलं?"

"हो."

"मी पाठवणार न्हाई म्हणून?"

"हो आबा."

मग ते म्हणाले, "मी तर बॅग शिवली होती तुला." आणि थोड्या वेळाने, "तुला बी वाटलं असंल का कधी, की मीच काही बोललो असंल त्यांच्यापाशी?" मी नाही नाही म्हणत त्यांचा हात धरला, पण असा प्रश्न त्यांच्या मनात यावा हेच मला सहन झालं नाही. भिंतीवरचं लॅमिनेट केलेलं पान त्यांनी काढलं नाही. ते कापड मात्र घडी करून गणवेशांच्या चिंध्यांखाली घातलं. ते सरांबद्दल एकही वाईट शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर मला हलकं वाटलं असतं.

काकूंनी मला ऑफिसातली एकच वस्तू दिली, चिंचोक्यांचा पत्र्याचा डबा. इतक्या हातांतून फिरून ते चिंचोके आता काळेभोर आणि तुळतुळीत झालेत. डब्याच्या तळाशी कागद होते. आमचे सगळ्यांचे स्वतःचे फॉर्म सरांनी तिथे ठेवले होते. त्यात माझाही होता, चौदावाला, चार घड्या घातलेला. तेवढ्या एकाच फॉर्मच्या घड्या पार झिजल्या होत्या, पुन्हापुन्हा उघडून बघितल्यासारख्या. त्यातून काही समजून घ्यावं असं मला वाटलं नाही. बघत होते, तर सांगायचं होतं.

पुढच्या आठवड्यात अंबडचं काम सुरू होतंय. हातात घेतलेला सर्व्हे पुरा करायचा म्हणून मी करतेय, आणि तो संपायची वाट न बघता दोन ठिकाणी अर्ज टाकलेत. ओळख देणाऱ्या व्यक्तीच्या जागी त्या मॅडमचं नाव लिहिलं. काल सकाळी साडेनऊला ऑफिस उघडलं. पेपर नव्हता. चटई टाकली, कार्डं मांडली, रीतीप्रमाणे आधी आपला फॉर्म भरावा म्हणून चिंचोके मोजून घेतले, आणि खिडकीकडे बघत बसले. तिथे पाठ करून बसणारं कुणी नव्हतं. नवा फॉर्म घेतलाच नाही. जुना काढला आणि पसरला. इंग्रजी, चौदा. शेवटचा रकाना, माझ्याच अक्षरात: "कुणी नाही, माझं मलाच वाटतं."

पेन घेऊन त्याच्यावर रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, "सोळुंके सरांनी सांगितलं."

रेघ एकच मारली. खालचं अजून वाचता येतं.